कॉलर धरली की कराटे आठवत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे तुम्ही ३१ वर्षांचे, वजन ६२ किलो, बसून करायची नोकरी, शाळेत दोन वर्षं कराटे करून यलो बेल्टवर सोडलेलं. मागच्या महिन्यात पुण्यात चांदणी चौकाच्या अलीकडे गाडीला गाडी घासली म्हणून दोघांनी अडवलं, एकाने कॉलर धरून कानाखाली दिली, बायको मागे बसलेली, आणि तुम्ही नुसते बघत राहिलात. आता विचारताय की तीन महिन्यांचा क्राव मागा (इस्रायली सैन्यातली बचावाची पद्धत) कोर्स करू, का मुआय थाय (थाई बॉक्सिंग), का बीजेजे (ब्राझिलियन जुजुत्सू, म्हणजे जमिनीवरची धरपकड), आणि बायकोलाही शिकायचंय तर तिने काय करावं. आठवड्यातले तीन दिवस देता येतील.

लाज वाटते असं लिहिलंयत, ते आधी बाजूला ठेवू. समोर दोघं, मागे बायको, स्वतः गाडीवर अडकलेले, आणि तरी रात्री दोघंही धड घरी पोचलात. माझ्या वहीत तो दिवस पास आहे. फक्त पास कसे झालात, डोक्याने की नशिबाने, हे तुम्हाला माहीत नाही आणि तेच टोचतंय असं मला वाटतं. म्हणून मी तुमचा प्रश्न जरा फिरवून घेतो. कोणती कला भारी हे नंतर बघू, कोणी अंगावर आला की तुमचे हातपाय जे गार पडतात ते कुठल्या सरावाने सुटेल ते आधी बघू.

मी स्वतः मूळचा कराटेवाला. १९ व्या वर्षी ब्राउन बेल्ट होता आणि चालण्यात तो दिसायचा. त्या सुट्टीत कराडजवळ मित्राच्या गावी गेलो, तिथून गोळेश्वर म्हणजे खाशाबा जाधवांचं गाव जवळच, त्या पट्ट्यात तालमीचं वातावरण जुनं. संध्याकाळी तालमीत गेलो तर मित्राचा चुलतभाऊ, नववीतलं पोरगं, माझ्यापेक्षा दहा-बारा किलोने कमी, वस्ताद म्हणाले धर ह्याला. मी वर तोंड करून म्हणालो मी लाथ मारणार नाही, त्याला लागेल. वस्ताद म्हणाले, मार की. मारली. त्याने ती पोटावर घेतली, पाय बगलेत धरला आणि मी पाठीवर पडून छताच्या तुळया मोजत होतो. उठलो, परत तेच. तिसऱ्यांदा मी लाथ मारलीच नाही तर त्याने खाली वाकून पट काढला, म्हणजे पाय धरून पाडलं.

ते पोरगं काही विशेष नव्हतं हो, त्या तालमीत त्याला रोज मार खायला लागायचा. पण तो रोज अशा चार-पाच जणांना भिडत होता ज्यांना पडायचं नव्हतं. आणि मी चार वर्षं हवेत मारत होतो, जोडीदार असला तरी तो हात ताणून तसाच पुतळ्यासारखा उभा राहायचा, माझा ब्लॉक, माझा पंच, माझी आरोळी सगळं संपेपर्यंत.

हीच गोष्ट ज्युदोचा जनक जिगोरो कानो याला फार आधी कळली होती. त्याने १८८२ मधे टोकियोत कोडोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जास्त घातक प्रकार मोकळ्या सरावातून बाहेर काढले. लोक म्हणतात खेळ केला, धार घालवली. आता विचार करा, डोळ्यात बोट घालायची प्रॅक्टिस पूर्ण जोरात कशी करणार, रोज नवीन जोडीदार कुठून आणणार? पण कमरेवरून उचलून आपटायचा डाव मॅटवर पूर्ण ताकदीने, नको म्हणणाऱ्या माणसावर, दिवसाला वीस वेळा करता येतो, त्याला ते रँडोरी म्हणतात आणि आपल्याकडे वस्ताद नुसतं "लढा" म्हणतात. कमी घातक पण रोज खरा केलेला डाव, हा जास्त घातक पण कधीच न केलेल्या डावाच्या पुढे जातो. मी वीसेक वर्षं शिकवतोय, याला अपवाद अजून बघितला नाही.

आणि गार पडण्याचं औषधही इथेच आहे. कॉलर धरल्यावर छाती धडधडते, बोटं ऐकत नाहीत, कानात आवाज लांबून आल्यासारखे येतात, बाजूचा माणूस दिसत नाही, हे सगळ्यांना होतं, मलाही. आमच्याकडे नवीन मुलगा पहिल्यांदा स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, उतरतो तेव्हा तो श्वास घ्यायला विसरतो, डोळे मिटतो आणि ३० सेकंदात पाच मजले चढल्यासारखा दमतो. अगदी हलका मार असतो, तरी. दोन-तीन महिन्यांनी तोच मुलगा नाकावर ठोसा बसला तरी समोर बघत असतो. धीट झाला असं मी म्हणणार नाही, सवय झाली. ही सवय पॅडवर मारून लागत नाही, समोरच्यालाही तुम्हाला मारायचं असेल तरच लागते.

आता तुम्ही विचारलेली नावं.

क्राव मागा. याच्यावर जरा जास्त बोलतो कारण तुम्ही तिकडेच झुकलेले दिसताय. इमी लिख्टेनफेल्ड हा माणूस १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यू वस्तीवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांशी भिडला आणि नंतर इस्रायलच्या सैन्याला शिकवलं, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. पण तो त्याच्या आधी चांगला बॉक्सर आणि पैलवान होता, हे जाहिरातीत सहसा नसतं. म्हणजे मार घ्यायची, तोल सांभाळायची, माणूस ढकलायची सवय त्याच्या अंगात होती आणि रस्त्यावर त्यातलं काय चालतं काय नाही हे त्याने निवडलं. आपण तीन महिन्यांत त्याची ती निवड पाठ करतो, खालची सवय कुणी देतच नाही. सैन्यातही जवान आधीच तयार असतो, आपण लॅपटॉपवरून उठून येतो. चांगले क्राव मागा क्लास आहेत, जे ग्लोव्ह घालून दर आठवड्याला फाइट करायला लावतात, तसा सापडला तर डोळे झाकून जा. पण "आमची टेक्निक इतकी डेंजर आहे की स्पॅरिंग करता येत नाही" असं कुणी म्हणालं तर चप्पल घालून निघा.

बॉक्सिंग किंवा मुआय थाय, रस्त्यावर जे सगळ्यात जास्त येतं, म्हणजे समोरून फिरवून मारलेला हात, त्यासाठी याच्याइतकं लवकर फळ देणारं काही नाही. सहा महिन्यांत डोकं हलवायला, अंतर राखायला आणि पाय वापरून बाजूला निघायला शिकता, आणि खरं सांगू का, निघायला शिकणं हाच त्यातला कामाचा भाग. एक धोक्याची सूचना, माझ्याच अनुभवातली. कॉलेजात एका भांडणात मी ग्लोव्हशिवाय, नुसत्या मुठीने एकाच्या कपाळावर मारलं, त्याला टेंगूळ आलं आणि माझं करंगळीमागचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर. ग्लोव्हमधली सवय उघड्या हाताला तशीच लावू नका, डोक्यावर मारायचंच झालं तर तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा जाड भाग, वापरा, कोच कोणताही असो हे विचारून घ्या.

बीजेजे मला मनापासून आवडतं, चाळिशीनंतर मी स्वतः तेच जास्त करतो. १९९३ साली डेन्व्हरला पहिलं यूएफसी झालं, म्हणजे वेगवेगळ्या कलांच्या लोकांना पिंजऱ्यात लढवणारी स्पर्धा, तेव्हा बीजेजेवाल्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तीन जणांना हरवलं आणि तो काही दांडगा दिसणारा गडी नव्हता, तेव्हापासून जमिनीवरची लढाई कळत नसेल तर आपलं काय होतं हे जगाला कळलं. पण त्या पिंजऱ्यात दुसरा हल्लेखोर नव्हता, खाली डांबर नव्हतं, आणि समोरच्याचा मित्र बाजूने डोक्यात लाथ घालायला उभा नव्हता. तुमच्या प्रसंगात होता. त्यामुळे बीजेजे करा पण डोक्यात हे ठेवून करा की खाली पडलो तर वर यायचं, बसून राहायचं नाही. आणि असा क्लास बघा जिथे उभ्याने पाडापाडीही होते, काही ठिकाणी सगळे गुडघ्यावरूनच सुरुवात करतात.

ज्युदो आणि कुस्ती. आपल्याकडे याला सेल्फ डिफेन्स म्हणून कुणी विचारत नाही याचं मला कायम नवल वाटतं. कॉलर धरून ओढणारा माणूस म्हणजे ज्युदोवाल्यासाठी आयतं गिऱ्हाईक, अख्खा खेळच कॉलर आणि बाही धरण्याचा आहे. तालमीतली खडाखडी म्हणजे मानेवर हात, मनगटाची ओढाताण, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते हाताने वाचणं, हे रस्त्यावरच्या धक्काबुक्कीच्या सगळ्यात जवळ जातं. वजन ६२ म्हणून संकोचू नका, खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं ते ५७ किलोच्या गटात. अडचण वेगळीच आहे, ३१ व्या वर्षी ऑफिस करून तालमीत नव्याने उतरणाऱ्याला सामावून घेणारी जागा शहरात कमी, आणि गुडघा-खांद्याला मार लागतो. ज्युदोत पहिले काही आठवडे नुसतं पडायला शिकवतात, कंटाळा येतो, पण माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडलेली विद्या तीच. भांडणात नाही हो. पावसाळ्यात गाडी घसरून दोनदा आणि ओल्या जिन्यावरून एकदा, तिन्ही वेळा डोकं वाचलं.

कराटे-तायक्वांदोला मी शिव्या घालणार नाही, माझं पोट त्यावरच चाललं कितीतरी वर्षं. क्योकुशिनसारखं अंगावर मार घेऊन लढणारं कराटे असेल तर मजबूत आहे, फक्त त्यात हाताने तोंडावर मारत नाहीत त्यामुळे तोंड सांभाळायची सवय वेगळी लावावी लागते. दर तीन महिन्यांनी बेल्ट परीक्षेची फी घेणारा क्लास असेल तर तो मुलांच्या व्यायामासाठी ठीक. मर्दानी खेळ, लाठी, दांडपट्टा जरूर शिका, आनंदासाठी शिका, पण सिग्नलला तुमच्या हातात लाठी नसणार.

हे सगळं तुमच्या परिस्थितीवरही आहे बरं का. जुनी गुडघ्याची किंवा मानेची दुखापत असेल तर पाडापाडी आधी डॉक्टरला विचारून. आणि क्लास घरापासून किंवा ऑफिसपासून वीस मिनिटांच्या पुढे असेल तर पुण्याच्या ट्रॅफिकमधे तुम्ही दुसऱ्या महिन्यात बंद कराल, हे मी असंख्य मुलांचं बघितलंय. जवळचा बरा क्लास लांबच्या नामांकित क्लासपेक्षा चांगला.

तुमच्या जागी मी असतो तर दोन दिवस बॉक्सिंग किंवा मुआय थाय, एक दिवस ज्युदो नाहीतर बीजेजे, असं एक वर्ष. तीन महिन्यांत काय मिळेल विचाराल तर दम वाढेल आणि डोळे उघडे राहतील, तेवढंही खूप आहे.

आता वहिनींचं. इथे मी वेगळा क्रम लावतो. एक तर बाईवर हल्ला करणारा सहसा ठोसे मारत सुरुवात करत नाही, तो धरतो, ओढतो, भिंतीला दाबतो, अंगावर पडतो, आणि वजनात फरक असतो. धरलेलं सोडवणं, खालून निसटणं, जास्त वजनाच्या माणसाखाली श्वास टिकवून डोकं चालवणं, हे बीजेजे आणि ज्युदोत रोजचं काम आहे. म्हणून त्यांनी तिथून सुरुवात करावी आणि मग वर्षभराने हात-पाय चालवायला शिकावं. परक्या पुरुषांशी एवढ्या जवळून सराव करणं सुरुवातीला अवघड वाटतं, ते साहजिक आहे, महिलांची वेगळी बॅच असेल तर तिथून सुरू करा, पण काही महिन्यांनी विश्वासातल्या, वजनदार पुरुषाबरोबर सराव व्हायलाच हवा, नाहीतर खरं वजन अंगावर येतं तेव्हा ते पहिल्यांदाच असतं.

दुसरं जरा अप्रिय आहे. आपण सगळे अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाची तयारी करतो, आणि नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. ओळखीच्या माणसाला पहिल्याच चुकीच्या स्पर्शाला मोठ्या आवाजात "हात काढा" म्हणणं, नात्याची, ऑफिसची, "काय वाटेल" ची भीड न ठेवता, हे जास्त अवघड आहे. मी मुलींच्या बॅचला पहिल्या दिवशी फक्त ओरडायला लावतो, अर्ध्या जणींचा आवाजच फुटत नाही, हसायला लागतात. ८ मार्चला ऑफिसात होणाऱ्या दोन तासांच्या वर्कशॉपचा मला दिसणारा फायदा एवढाच, आवाज फुटतो. मनगट सोडवायच्या त्या दहा युक्त्या पुढच्या आठवड्यात विसरलेल्या असतात. आणि गळ्यातलं ओढलं तर धरून ठेवू नका, बाइकवरून ओढणाऱ्याबरोबर माणूस फरफटत जातो, सोनं परत घेता येतं. पेपर स्प्रे घ्यायचा तर पर्सच्या तळाशी ठेवू नका, जाकिटाच्या खिशात, आणि एकदा मोकळ्या जागी उडवून बघा, वारा आपल्याकडे असेल तर काय होतं तेही कळेल.

चाकूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण क्लासवाले दाखवतील म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचा पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर, त्याने १९८३ मधे लिहिलं की २१ फुटांवरचा चाकूवाला साधारण दीड सेकंदात तुमच्यापर्यंत पोचतो, म्हणजे कमरेच्या पिस्तुलालाही वेळ अपुरा पडतो. मग रिकाम्या हाताचं काय? हे घरी करून बघा, एकाच्या हातात स्केच पेन द्या, अंगात पांढरा टीशर्ट घाला आणि त्याला म्हणा मनापासून मार. पंधरा सेकंदांनी टीशर्ट बघा. आम्ही हे दरवर्षी करतो आणि टीशर्ट स्वच्छ राहिलेला मी अजून पाहिला नाही. पळा, मधे गाडी घ्या, खुर्ची घ्या, पाकीट फेका आणि विरुद्ध दिशेला पळा. सुटकेचा मार्गच नसेल तर दोन्ही हातांनी चाकूवाला हात धरून लटकणं एवढंच उरतं, आणि त्यातही कापून घ्याल.

कायद्याचं थोडं, कारण शिकायला लागल्यावर हात शिवशिवतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, त्यात कलम ३४ ते ४४ म्हणजे जुन्या आयपीसीचं ९६ ते १०६, खाजगी बचावाचा हक्क. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही बचाव करता येतो, जीवाला धोका, बलात्कार, अॅसिड अशा प्रसंगात तर फार पुढपर्यंत. पण ३७ मधे स्पष्ट आहे, गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. तो खाली पडला, धोका संपला, आणि मग तुम्ही रागाने दोन लाथा घातल्या तर त्या दोन लाथांचे आरोपी तुम्ही. आणि हल्ली समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात नेमक्या त्याच दोन लाथा सापडतात. प्रसंग घडला की लगेच ११२ ला फोन तुम्ही करा, समोरच्याच्या आधी.

क्लास कसा ओळखायचा. पैसे भरायच्या आधी एक अख्खा तास बाकड्यावर बसून बघा, बघू देत नसतील तर विषय संपला. तासाभरात असा वेळ येतो का जेव्हा दोघांपैकी कुणालाच पुढे काय होणार माहीत नाही? कोच स्वतः कधी मुलांबरोबर उतरतो का? दोन-तीन वर्षं टिकलेले, नोकरी करणारे, तुमच्या वयाचे लोक आहेत का, का नुसती विशीतली पोरं एकमेकांची नाकं फोडतायत? हेही वाईटच, रोज डोक्यावर जोरात मार खाणं हा बचाव नाही, रस्त्यावर कदाचित कधीच न होणारी इजा तुम्ही फी भरून करून घेताय. माउथगार्ड सक्तीचा असावा, टॅप केल्यावर, म्हणजे हार मानून हाताने थोपटल्यावर, लगेच सोडणारे लोक असावेत, आणि नवीन माणसाला पहिल्या महिन्यात जोराच्या स्पॅरिंगला घालत नसावेत.

आणि त्या चांदणी चौकासाठी, जे उद्यापासून करता येईल. हेल्मेट काढू नका, लोक बोलायला म्हणून पहिलं हेल्मेट काढतात, अहो तेच तर डोकं वाचवतंय. गाडीवर बसून भांडण ऐकू नका, दोन पायांत गाडी असली की तुम्ही खुंटीला बांधलेले. निघता येत असेल तर निघा, नाहीतर उतरा आणि गाडी मधे घ्या, बायकोला पहिल्यांदा उतरवून दुकानाच्या उजेडात पाठवा. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे त्याच्याकडे, "दादा चुकलं माझं, काय नुकसान असेल ते देतो". बघणाऱ्याला तुम्ही माफी मागताय, पण हात आधीच मधे आहेत आणि तो कॉलरपर्यंत यायच्या आत तुमच्या तळव्याला लागतो. दुसरा माणूस बाजूला सरकायला लागला तर तुम्हीही सरका, दोघं एका रेषेत येतील असे, बॉक्सिंगमधे शिकलेले पाय इथेच लागतात. हे सगळं बायकोसमोर घरी चार वेळा करून बघा, तिला म्हणावं कॉलर धर आणि खरंच ओढ. पहिल्या वेळी हसाल दोघंही, चौथ्या वेळी बटण तुटेल, तर जुना शर्ट घाला.

शाळेतल्या यलो बेल्टचं नवीन क्लासमधे पहिल्या दिवशी काही बोलू नका, नखं कापून जा.